कसा आला फोटो?

काकांना फोटोंचा नाद लागला तो पाठदुखीमुळे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि काकांना बिनकामाचं चालायची लाज वाटायची. हातात काहीतरी असलं की माणूस कामाला निघालाय असं दिसतं, म्हणून त्यांनी एक जुना कॅमेरा घेतला, गळ्यात अडकवला आणि चालायला सुरुवात केली. पाठ दुखायची ती दुखतच राहिली. कॅमेरा मात्र कायमचा गळ्यात पडला.

काका म्हणजे हॉस्पिटलातले एक्स-रेवाले काका. तळमजल्यावर, कँटीनच्या वासातून पुढे गेलं की उजव्या हाताला जाड दरवाजाची एक खोली आहे. तिथं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. छाती पुढे, हनुवटी वर, खांदे सैल, श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा. हे ते इतक्या वेळा म्हणायचे की कधी कधी झोपेतही "रोखा" म्हणून जायचे आणि शेजारून काकू म्हणायच्या, "अहो, सोडाही म्हणा लवकर. जीव जाईल माझा."

त्या खोलीचा एक नियम होता. फोटो काढणाऱ्यानं फोटोत काय दिसलं ते बोलायचं नाही. हाडाचे सरळ दोन तुकडे झालेले असोत, शेंबड्या पोरालाही कळेल असं चित्र पडद्यावर असो, तोंड उघडायचं नाही. माणसं विचारायचीच. शर्टाची बटणं लावता लावता, चप्पल शोधता शोधता, अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारायची, "काय दिसलं हो?" काका म्हणायचे, "डॉक्टर सांगतील." आवाज सपाट, चेहरा त्याहून सपाट. यात निर्दयपणा नव्हता. भुवई जराशी जरी वर गेली तरी समोरचा माणूस घरी जाऊन निरवानिरव करायला बसतो, हे त्यांनी नोकरीच्या सुरुवातीलाच पाहिलं होतं. मग त्यांनी भुवयाच बंद करून टाकल्या.

ते वाक्य पुढे घरातही शिरलं. जेवताना काकूंनी "मीठ कमी पडलं का?" असं विचारावं आणि काकांनी घास चावत गप्प राहावं. मग काकूच म्हणायच्या, "का? डॉक्टर सांगतील?" आणि दोघं हसायची.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. नवीन कपडे शिवायचा त्यांना कंटाळा. लोकांचे कपडे लहान-मोठे करून द्यायच्या, चेन बदलून द्यायच्या, कोणाचं वजन वाढलं आणि कोणाचं उतरलं याची खडान्‌खडा माहिती ठेवायच्या आणि ती कोणालाही सांगायच्या. एकाच घरात एक माणूस दिवसभर मूग गिळून बसणारा आणि दुसरं दिवसभर बातम्या देणारं, असा हा संसार होता. चांगला चालला होता.

काका चालता चालता फोटो काढायला लागले, तेव्हा त्यांच्याच एका पेशंटनं त्यांना फोनवरच्या एका फोटोवाल्यांच्या गटात ओढलं. गटाचं नाव 'दर आठवड्याला एक'. तो चालवायच्या एक बेकरीवाल्या बाई. पाव-बिस्किटांत आयुष्य काढलेली बाई, पण शिस्त फौजेतली. सोमवारी सकाळी भट्टीतून पहिले पाव निघाले की बाई विषय जाहीर करायच्या. गंज. वाफ. काठ. बूट. तीन. रविवारी दिवे लागायच्या आत प्रत्येकानं एकच फोटो टाकायचा, तोही त्याच आठवड्यात काढलेला. जुनं उकरून आणलेलं चालणार नाही. दुसऱ्याच्या फोटोखाली नुसतं 'छान' लिहायला बंदी होती. एक गुण आणि एक खोट, दोन्ही लिहायचंच. गटात एक प्लंबर होता, त्याला सगळे नळराजा म्हणायचे. विषय कोणताही असो, हा मावळता सूर्यच टाकायचा. विषय 'बूट' होता तेव्हा त्यानं सूर्यासमोर बूट धरला. बाईंनी खाली लिहिलं, "गुण : सूर्य वेळेवर मावळला. खोट : बुटाला मधे पडायचं काही कारण नव्हतं."

काकांचे सुरुवातीचे फोटो अगदीच सुमार असायचे. माणसाला सरळ उभं करून भिंतीला चिकटवायची सवय. त्यांनी काढलेली झाडंसुद्धा श्वास रोखून उभी असल्यासारखी दिसायची. गटातली मंडळी दर आठवड्याला खोटीच्या जागी तेच लिहायची, जीव नाही.

मग काकू मधे पडल्या. शिवणयंत्राच्या खणात त्यांची एक बॅटरी असायची, खाली पडलेली सुई शोधायला. एका रविवारी काका जेवणाच्या टेबलावर गंजलेलं कुलूप ठेवून तासभर त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. काकूंनी वैतागून ती बॅटरी आणली आणि कुलपावर धरली. कुलपाचा गंज एकदम तांबडालाल झाला, भेगा दिसायला लागल्या. काका म्हणाले, "थोडं डावीकडे." काकू डावीकडे सरकल्या. "वर. अजून वर. हां, तिथंच."

"हात दुखतोय माझा. चहा निवतोय."

खट्‌ आवाज झाला.

"कसा आला?" काकूंनी विचारलं.

"बरा आलाय," काका म्हणाले. बरा म्हणजे फारच छान. काकांच्या शब्दकोशात त्यापुढचा शब्द नव्हता.

त्या दिवसापासून हे ठरूनच गेलं. रविवारी दुपारचा चहा टाकायचा आणि टेबलावर आठवड्याचा विषय मांडायचा. काकू बॅटरी धरणार, काका थोडं डावीकडे म्हणणार, चहा निवणार, आणि शेवटी काकू "कसा आला?" विचारणार. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्या दोघांमध्ये बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, सगळं बोलून झालं होतं इतकंच. बेकरीवाल्या बाई दर सोमवारी जे काही पाठवायच्या ते दोघांना आठवडाभर पुरायचं.

फक्त एक होतं. काकू स्वतःचा फोटो काढू द्यायच्या नाहीत. कॅमेरा त्यांच्याकडे वळला रे वळला की त्यांचा हात तोंडापुढे आलाच. तळहातावर खडूची पूड, अंगठ्याला सुया टोचून टोचून आलेला घट्टा, आणि त्यामागे कुठंतरी काकू. "चमचे काढा, कुलपं काढा, माझं काय आहे त्यात बघण्यासारखं?" काकांनी अनेकदा प्रयत्न केला. रविवारी संध्याकाळी फोटो निवडायला बसले की पडद्यावर काकूंचा तळहात दिसायचा, आणि काका तो पुसून टाकायचे. फोटोच्या नादिष्टांची ही पद्धतच असते. शंभर काढायचे, एक ठेवायचा, बाकीचे खराब म्हणून उडवायचे. खराब फोटो साठवणाऱ्या माणसाला गटात कोणी मान देत नाही. काका तर याबाबतीत फारच काटेकोर होते. आठवड्याचा एक फोटो सोडला तर त्यांच्याकडे काहीच शिल्लक नसायचं.

मग काकूंना खोकला लागला. आधी खडूच्या पुडीवर ढकलला, मग हवेवर, मग शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर. शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलं.

काकू सगळ्यांसारख्या चिठ्ठी घेऊन बाकावर बसल्या. आत नवराच आहे म्हणून पुढे घुसल्या नाहीत. नाव पुकारल्यावर आत आल्या, हॉस्पिटलचा ढगळ झगा घालून. मागची नाडी बांधायला काकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. छातीचा फोटो पाठीमागून काढतात, पेशंट समोरच्या पाटीला छाती टेकवून उभा राहतो. काकू म्हणाल्या, "हे बरंय. तोंड दिसत नाही." काका म्हणाले, "हनुवटी वर. खांदे सैल." मग ते काचेमागे गेले आणि तिथून म्हणाले, "श्वास घ्या, रोखा." बायकोला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच 'घ्या' म्हटलं. त्या खोलीत त्यांना दुसरं काही म्हणता येत नव्हतं. काकू अजिबात हलल्या नाहीत. इतक्या वर्षांत काकांच्या फोटोसाठी त्या पहिल्यांदाच नीट उभ्या राहिल्या होत्या.

चित्र पडद्यावर यायला काही क्षणही लागत नाहीत. एक्स-रेत काळं म्हणजे हवा, काळं म्हणजे सगळं ठीक. पांढरं नको तिथं असलं की वाईट. उजवीकडे, खाली, मुठीएवढं पांढरं होतं. काकांनी असं पांढरं इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांना दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही.

काकू झग्यातून बाहेर आल्या, चप्पल शोधत म्हणाल्या, "कसा आला?"

रविवारी विचारायच्या तशाच.

काका म्हणाले, "डॉक्टर सांगतील."

काकू क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला पण?" म्हणाल्या आणि हसल्या. काका वळले, जाड दरवाजा उघडला आणि बाहेर बघून म्हणाले, "पुढचे या."

डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. म्हणजे काकांच्या गप्प बसण्यानं कोणाचं काही बिघडलं नाही, उपचारांना एका मिनिटाचाही उशीर झाला नाही. नियम होता, पाळला. पण त्यानंतर काकूंनी पुन्हा कधी कोणत्याच फोटोबद्दल "कसा आला?" असं विचारलं नाही. आधी त्यांचा हात बॅटरी धरून भरून यायला लागला, मग बॅटरी जड व्हायला लागली, मग त्या रविवारच्या टेबलापर्यंत यायच्याच बंद झाल्या. काकांना वाटायचं, आज सांगावं. आज सांगावं की मला दिसलं होतं. पण आता सांगून काय उपयोग, असं म्हणत एकेक दिवस गेला आणि मग काकूच गेल्या.

त्या आठवड्याचा विषय होता 'रांग'. बेकरीवाल्या बाईंनी निरोप पाठवला, तुम्हाला या आठवड्यात सूट आहे. गटात अशी सूट आधी कोणालाच मिळाली नव्हती. नळराजा अपेंडिक्स काढून घेतल्यावरही सूर्य टाकत होता. तरी काकांनी फोटो टाकला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या रिकाम्या खुर्च्यांची रांग. काकू आत असतानाच त्यांनी तो काढला होता. का काढला, ते त्यांना सांगता आलं नसतं. हातात कॅमेरा होता आणि समोर रांग होती.

मेहुणीनं तो फोटो कोणाच्या तरी फोनवर पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दगड आहे हा माणूस." लेक तिथंच उभी होती. तिनं बापाची बाजू घेतली नाही.

काकांना त्याचंही काही वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा असतो, हात लावला तर हाताला कळतं पण गालाला कळत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. कामावर जायचे. रोखा, सोडा. घरी यायचे, शिवणयंत्रावरची धूळ पुसायचे, दुसऱ्यांचे अर्धवट राहिलेले कपडे ज्याचे त्याला नेऊन द्यायचे. एका बाईचा स्कर्ट एका बाजूनं टाचलेला, दुसऱ्या बाजूनं मोकळा असाच परत गेला. रडू आलं नाही. ते येईल म्हणून काकांनी वाट पाहिली, जशी बस येईल म्हणून पाहतात. मग वाट पाहणंही सुटलं.

विषय मात्र त्यांनी चुकवला नाही. दर रविवारी टेबलावर काहीतरी मांडायचे, फोटो काढायचे, दिवे लागायच्या आत टाकायचे. फोटोंखाली एक नवीनच खोट यायला लागली. "उजेड कमी." "काळोख झालाय." "काका, हल्ली सगळंच अंधारात?" काकांनी टेबलावरचा दिवा बदलला. लेन्स साफ करून आणली. दुकानदार म्हणाला, लेन्समध्ये काही दोष नाही. काकांनी स्वतःचे डोळे तपासून घेतले, त्यांतही दोष नव्हता. मग त्यांनी तो विषय सोडून दिला.

लेक परगावी विमानतळावर होती. प्रवाशांच्या बॅगा यंत्रातून जातात, त्या पडद्यावर बघत बसायचं हे तिचं काम. बाप माणसांच्या आत बघतो आणि लेक बॅगांच्या, अशी काकू चेष्टा करायच्या. "दोघांनाही लोकांच्या पोटात काय आहे ते कळतं, आणि माझ्या पोटात काय आहे ते कोणी विचारत नाही." एका शनिवारी सकाळी लेक आली. आईचं कपाट आवरायचं होतं. रविवारी संध्याकाळची गाडी होती.

कपाट दुपारपर्यंत आवरून झालं. लेकीनं हात झटकले आणि म्हणाली, "बाबा, आईचा एक फोटो दे मला. फ्रेम करून घेते."

काका म्हणाले, "बघतो."

"ओळखपत्रावरचा नको."

तो कोणालाच नको होता. काकू स्वतःच म्हणायच्या, हा फोटो बघून मला कोणी आत सोडलं तर त्या पहारेकऱ्याला आधी कामावरून काढा. लग्नातले फोटो होते, पण त्यातली मुलगी लेकीपेक्षाही लहान दिसत होती. लेकीच्या स्वतःच्या फोनमध्ये व्हिडिओ कॉलवरचे काही होते. त्यात आईचं कपाळ आणि छतावरचा पंखा.

"तू इतकी वर्षं फोटो काढतोयस," लेक म्हणाली. "दर आठवड्याला. तुझ्याकडे नसेल तर कोणाकडे असणार?"

काकांनी कॉम्प्युटर लावला. दोघं शेजारी बसली. कुलूप, बूट, जिन्याचा कठडा, बशीची कड, तीन पेरू, गळका नळ, खिडकीतली माशी. एकही माणूस नाही. लेक आधी शांतपणे बघत होती, मग तिचा श्वास जोरात व्हायला लागला.

"बाकीचे कुठं आहेत?"

"पुसले."

"का?"

"खराब होते. ती मधे हात घालायची."

"म्हणजे आई आली की फोटो खराब?"

काकांना हे असं कोणी म्हणेल याची कल्पना नव्हती.

"आमच्याकडे पडद्यावर काही दिसलं ना बाबा, की लगेच ओरडायचं असतं," लेक म्हणाली. "थांबवा म्हणायचं. चुकलं तरी चालेल, पण बोलायचं. तुझं काय असतं मला कळतच नाही. तुला काही दिसतं का, काही वाटतं का. मावशी म्हणाली तेव्हा मला राग आला होता, पण मावशीचा नाही आला." तिनं डोळे पुसले. "मी येते इथं, कपाटं आवरते, आणि तू बघतो म्हणतोस. मग मी येऊन तरी काय करू?"

काकांना ऐकू येत होतं. हेही कळत होतं की लेक आज अशी गेली तर पुन्हा लवकर यायची नाही. कामापुरता फोन येईल, तब्येत विचारली जाईल आणि ठेवला जाईल. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं, एक्स-रेसारखं, आणि त्यांचा चेहरा नेहमीसारखाच सपाट होता. त्यांनी पुढचा फोटो लावला.

विषय 'वाफ'. शेगडीवर स्टीलची किटली आणि तोंडातून वर चढत गेलेली वाफ, एका बाजूनं उजळलेली. गटानं या फोटोला डोक्यावर घेतलं होतं. लेक एकदम पुढे झुकली.

"हे काय आहे? किटलीवर?"

किटलीच्या फुगीर पोटावर स्वयंपाकघर वाकडंतिकडं होऊन उमटलं होतं. खिडकी, शेगडी, कॅमेरा घेतलेले ठेंगणे काका, आणि त्यांच्या बाजूला आणखी कोणीतरी, ढगळ गाऊनमधलं. काकांनी चित्र मोठं केलं. गाऊनवरची फुलं दिसली. खांद्यावर टाकलेली मोजायची टेप दिसली. वर केलेला हात दिसला, हातात बॅटरी.

"आई," लेक म्हणाली. "बाबा, अजून मोठं कर. चेहरा."

काकांनी अजून मोठं केलं. चेहऱ्याच्या जागी बॅटरीचा उजेड होता. पांढरा गोळा. त्याच्या कडेला एक कान आणि थोडे केस.

"जरा काळं कर ना ते. येईल खालचं."

"नाही येत," काका म्हणाले. "काळोखात लपलेलं असलं तर ओढून काढता येतं. पांढरं झालं की तिथं काही उरत नाही."

मग त्यांनी मागचे फोटो पुन्हा एकेक करून लावले. लेकीनं सांगितलं नव्हतं, तेच लावत गेले. कुलपाच्या काठावरची चमक. बशीच्या कडेवर सरकलेली उजेडाची रेघ. पेरूंच्या मागं भिंतीवर एक सावली, खांद्याची आणि वर धरलेल्या कोपराची. सगळीकडे उजेड त्याच बाजूनं, त्याच उंचीवरून येत होता. काकू जेवढ्या उंच होत्या आणि त्यांचा हात जेवढा वर पोचायचा, तेवढ्या उंचीवरून. काका बघत राहिले. दिवा बदलला, लेन्स साफ केली, डोळे तपासले, आणि एवढं काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. छातीत काहीतरी दुखल्यासारखं झालं, पण लांबून, दुसऱ्या खोलीत कोणाचं तरी दुखत असावं तसं.

"सगळ्यांना उजेड दिला आणि तिचाच चेहरा नाही," लेक म्हणाली आणि उठून गेली.

रविवारी लेकीनं बॅग भरून दाराशी ठेवली. दोघं एकमेकांशी जेवणाखाण्यापुरतंच बोलत होती. गाडीला वेळ होता. काकांनी सवयीनं चहा टाकला आणि सवयीनंच टेबलावर आठवड्याचा विषय मांडला. 'चमचा'. या वेळी बाईंनी विषय द्यायचं काम नळराजावर सोपवलं होतं, त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. काका वाकले, एक फोटो काढला, पडद्यावर पाहिला. काळोख. दुसरा काढला. तोच काळोख.

लेक दारातून बघत होती. ती गेली, शिवणयंत्राचा खण ओढला आणि बॅटरी घेऊन आली. काही न बोलता टेबलाच्या त्या बाजूला उभी राहिली आणि चमच्यावर उजेड धरला.

काका थबकले. मग कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "थोडं डावीकडे."

ती सरकली.

"वर. अजून वर. तिथंच."

खट्‌.

"कसा आला?" लेकीनं विचारलं. सहज विचारलं. बॅटरी धरून उभं राहणारं कोणीही हेच विचारेल.

काका पडद्याकडे बघत होते. चमचा चांगला आला होता. त्याच्या खोलगट पोटात लेक उलटी उभी होती, एवढीशी. बरा आलाय, एवढंच म्हणायचं होतं. काकांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वाईट आला."

"दाखव. चांगला तर दिसतोय की."

"हा नाही. तिचा." काकांचा आवाज सपाटच होता, पण तो थांबत नव्हता. "छातीचा. मीच काढला होता ना. तिनं विचारलं, कसा आला. मला दिसलं होतं गं. लगेच दिसलं. उजवीकडे, खाली, मुठीएवढं पांढरं. आणि मी म्हणालो, डॉक्टर सांगतील. तिला. आणि पुढचा पेशंट बोलावला."

शेगडीवर चहा वर आला, उतू जाऊन खाली सांडला, आणि दोघांपैकी कोणीही हललं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आईनं त्याच दुपारी फोन केला होता. डॉक्टरकडे जायच्या आधी, तिथल्या बाकावरूनच. म्हणाली, तुझे बाबा मला म्हणाले डॉक्टर सांगतील. म्हणजे वाईट आलाय फोटो. चांगला असता तर बरा आलाय म्हटलं असतं त्यांनी, नियम गेला खड्ड्यात. आणि म्हणाली, मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. बाहेर अजून केवढी रांग आहे. त्यांचा हात थरथरला तर दुसऱ्या कोणाचा तरी फोटो बिघडेल."

काकांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. नीट ठेवला, पट्टा गुंडाळून. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, आणि तो आपलाच आहे हे त्यांना थोड्या वेळानं कळलं. काका रडले. टेबलाची कड धरून, खांदे हलवत, एखाद्या लहान पोरासारखे मोठ्यानं रडले. चेहरा झाकायचंही त्यांना सुचलं नाही.

लेकीनं गाडीची वेळ पाहिली नाही आणि बॅटरीही विझवली नाही. बापाचं रडणं संपेपर्यंत ती हात तसाच धरून उभी राहिली, थोडा डावीकडे, वर.